पुन्हा शिकायचंय, पण महिना कसा काढायचा? नाशिकमधल्या ऑटिस्टिक प्रौढांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऑटिस्टिक आहे, नाशिकमध्ये राहतो आणि तिशी उलटल्यावर पुन्हा परीक्षेला बसायला लागलो. तेव्हापासून ओळखीतल्या मंडळींचे आणि त्यांच्या आईवडिलांचे फोन येत असतात. फीची माहिती सगळीकडे मिळते. खोलीभाडं, डबा, रिक्षा आणि रिचार्ज कशातून भागवायचं, यावर मात्र कोणी बोलत नाही. खाली त्याच खर्चाबद्दल लिहिलंय. रकमा आणि अटी शासन निर्णयांनी बदलतात, त्यामुळे अर्ज भरण्याआधी त्या योजनेच्या पोर्टलवरची चालू वर्षाची सूचना वाचूनच पुढे जा.

शिष्यवृत्तीवर महिना निघतो का?

नाही निघत. केंद्र सरकारची दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घ्या. अकरावीपासून पदव्युत्तरपर्यंत मिळते, दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त लागतं आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावं लागतं. निर्वाह भत्ता अभ्यासक्रमाच्या गटावर ठरतो. घरून ये-जा करणाऱ्याला महिना ५५० ते ७५० रुपये, वसतिगृहात राहणाऱ्याला ९०० ते १,६००. वर्षाला पुस्तकांचे १,५०० आणि दिव्यांग भत्ता वेगळा. ७५० धरले तरी दहा महिन्यांचे ७,५०० होतात. नाशकात एवढ्यात एक महिनासुद्धा धड जात नाही.

शिवाय पैसे येतात उशिरा. शैक्षणिक वर्ष संपत आलं तरी खात्यात काही नाही, ही तक्रार नवीन नाही. म्हणून माझा नियम सरळ आहे: शिष्यवृत्ती कधीही महिन्याच्या हिशेबात धरायची नाही. आली की तिच्यातून मोठा, एकदाच होणारा खर्च करायचा. लॅपटॉप, परीक्षा फी, नाहीतर पुढच्या वर्षाची अनामत.

नामांकित संस्थांसाठीची केंद्राची ‘टॉप क्लास’ योजना वेगळी आहे. तिथे उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे, पण तुमची संस्था त्यांच्या यादीत असली तरच. राज्याची स्वतःची दिव्यांग शिष्यवृत्ती महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर आहे. केंद्राची आणि राज्याची अशा दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत, त्यामुळे भत्ता कुठे जास्त बसतो ते आधी पाहून घ्या.

मग सुरुवात कुठून करायची?

आधी महिना मोजा, मग कोर्स निवडा. बहुतेक जण उलटं करतात. आधी प्रवेश घेतात आणि ऑक्टोबरात भाड्याची तोंडमिळवणी करत बसतात.

कागदावर आकडे मांडू. समजा खोली ४,५००, डबा ३,०००, प्रवास १,२००, मोबाइल आणि इंटरनेट ५००, औषधं किंवा समुपदेशन १,५००, किरकोळ १,०००. झाले ११,७००. हा झाला कुठल्याही विद्यार्थ्याचा हिशेब. आपला इथे संपत नाही. संध्याकाळी सहाला सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, बसमध्ये चढणं ज्याला अशक्य होतं, त्याला महिन्यातून काही वेळा रिक्षा लागणारच. परीक्षेच्या आठवड्यात डबा नकोसा होऊन एकच ठरलेला पदार्थ बाहेरून मागवणं, आवाज अडवणारे हेडफोन, खराब झालेल्यांच्या जागी नवे इअरप्लग, टोचत नाही म्हणून महाग पडणारा कपडा, हे सगळं त्यात धरा. समजा वरचे १,५००. म्हणजे महिना १३,२००, आणि तीन वर्षांचे ४ लाख ७५ हजारांच्या पुढे.

हे वरचे दीड हजार घरच्यांना चैन वाटते. ‘रिक्षा कशाला, बस आहे की!’ पण बसने जाऊन पुढचे दोन तास वर्गात काहीच डोक्यात शिरलं नाही, तर त्या दिवसाची फीसुद्धा पाण्यात गेली. म्हणून या खर्चाला हिशेबात वेगळी ओळ द्या, ‘किरकोळ’मध्ये दडवू नका. दडवलेला खर्च महिनाअखेरीस सगळ्यात आधी कापला जातो.

नाशकात राहायचं कुठे?

घर नाशकात असेल आणि घरात निदान एक दार बंद करता येत असेल, तर घरीच राहा. स्वस्तात स्वस्त तेच. सिन्नर, निफाड, दिंडोरीहून अप-डाऊन करणारे पुष्कळ आहेत. पण रोज एसटीत जाऊन-येऊन तीन तास घालवायचे आणि वर अभ्यास करायचा, हे आपल्यापैकी प्रत्येकाला झेपत नाही. एक आठवडा खरोखर जाऊन-येऊन पाहा आणि मग ठरवा.

कॉलेज रोड, गंगापूर रोड भागात कॉट बेसिस, म्हणजे सामायिक खोलीतली एक खाट, सहज मिळतं. स्वस्त पडतं, पण एका खोलीत तीन-चार जण, रात्री एकपर्यंत लाइट आणि कोणाच्या ना कोणाच्या मोबाइलवर रील्स. ज्याला झोपेचं वेळापत्रक मोडलं की आठवडाभर सावरता येत नाही, त्याने कॉटऐवजी म्हसरूळ, सातपूर किंवा सिडकोत लांबची पण स्वतंत्र खोली घ्यावी. कॉट आणि खोली यांच्या भाड्यातला फरक तुम्ही झोपेवर खर्च करताय, असं समजा.

खोली पाहायला जाताना आसपास लॉन्स किंवा मंगल कार्यालय नाही ना, एवढं नक्की बघा. दुपारी अगदी शांत वाटणारी गल्ली लग्नसराईत रात्री साडेदहापर्यंत डीजेने हादरत असते. मालक हे आपणहून सांगणार नाही. एकदा संध्याकाळी सातनंतर परत चक्कर मारा. पंचवटी आणि रामकुंडाच्या बाजूला आणखी एक गोष्ट आहे. सिंहस्थाची मुख्य स्नानं २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. त्या काळात रस्ते बंद, गर्दी आणि भाड्यांची ओढाताण हे ठरलेलं. ११ महिन्यांचा करार त्याच सुमारास संपणार असेल तर नूतनीकरणाचं बोलणं आधीच करून ठेवा.

मेस लावू की स्वतः करू?

मेसमध्ये भाव परवडतो, आवाज परवडत नाही. स्टीलच्या ताटांचा ढीग सिंकमध्ये आदळतो, मिक्सर चालू असतो, कोपऱ्यातल्या टीव्हीवर मालिका, आणि वाढणारी मावशी पाठीमागून ‘भाजी अजून देऊ का?’ विचारते. भूक असूनही मी कित्येकदा अर्ध्या ताटावरून उठलोय. बहुतेक मेसवाले तेवढ्याच पैशांत डबा देतात, फक्त मागावा लागतो. सकाळी एकच डबा घेऊन भाजी दोन वेळा पुरवायची आणि भात खोलीवर कुकरला लावायचा, हे मला सगळ्यात बरं जमलं. पोत बदललेला चालत नसेल तर मावशींना सरळ सांगा, ‘मला वांगं आणि भेंडी नको, त्या दिवशी नुसतं वरण जास्त द्या.’ कारण कोणी विचारत नाही.

मोठेपणी निदान झालं. दिव्यांग प्रमाणपत्र लागतंच का? मिळतं का?

सरकारी पैसा हवा असेल तर लागतंच. खासगी डॉक्टरांचा रिपोर्ट निदानासाठी उपयोगी, योजनेसाठी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत आणि स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, त्यांत स्पष्ट लिहिलेली आहे. जवळपास प्रत्येक योजनेची पायरी ४० टक्के आहे.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा, रुग्णालय निवडायचं, तारीख घ्यायची. नाशिककरांसाठी ते म्हणजे त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय, आपलं सिव्हिल. तिथे ऑटिझमचं मोजमाप ‘इसा’ नावाच्या भारतीय चाचणीवर होतं. तिच्यात ४० मुद्दे आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ७० च्या खाली गुण आले तर ऑटिझम धरत नाहीत.

प्रौढांची अडचण इथेच होते. चाचणीतले बरेचसे मुद्दे लहान मुलांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले वाटतात. तुम्ही नीट कपडे घालून, नजरेला नजर द्यायची घोकंपट्टी करून गेलात, पाच मिनिटं गोड बोललात, की समोरच्याला काहीच दिसत नाही. म्हणून तिथे मुखवटा नको. रोज जसे वागता तसेच वागा. बोटांशी चाळा करत असाल तर करा. सोबत आई, बाबा, मोठी बहीण, म्हणजे लहानपण पाहिलेलं कोणीतरी न्या. कोणीच नसेल तर प्रगतिपुस्तकांवरचे शेरे, जुनी थेरपीची कागदं, नोकरीवरून मिळालेले मेमो उपयोगी पडतात. दोन पानांवर रोजच्या जगण्यातल्या अडचणी उदाहरणासह लिहून न्या, कारण आयत्या वेळी विचारल्यावर आपल्याला आठवत नाही. ‘फोनवर बोलता येत नाही’ असं मोघम लिहू नका. ‘गॅस बुक करायला फोन करावा लागतो म्हणून सिलिंडर संपून घर तसंच राहतं’ असं लिहा.

रांग, ट्यूबलाइटची गुणगुण, नाव कधी पुकारतील याचा पत्ता नाही. पूर्ण दिवस त्यातच जाणार असं धरून चला आणि दुसऱ्या दिवशी काही ठेवू नका. मंजूर झालं की यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, येतं. पिवळी पट्टी म्हणजे ४० ते ७९ टक्के, निळी म्हणजे ८० आणि वर. पांढरी आली तर ४० च्या आत, आणि मग यातल्या बहुतेक योजना लागू होत नाहीत.

प्रमाणपत्र घेतलं तर पुढे नोकरी-लग्नात आडवं येईल का?

खासगी कंपनीला ते दाखवायचं की नाही, हे तुमच्या हातात आहे. सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार वगैरे गटांत वाटलेला आहे, आणि तो प्रमाणपत्राशिवाय मिळत नाही. लग्नाचं ज्याचं त्याने ठरवावं.

संजय गांधी निराधार योजनेत बसतो का?

बसलात तर हीच एक रक्कम महिन्याच्या महिन्याला येते. १८ ते ६५ वय, ४० टक्के प्रमाणपत्र, राज्यात किमान १५ वर्षांचं वास्तव्य आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत. रक्कम १,५०० होती, सप्टेंबर २०२५ च्या मंत्रिमंडळ निर्णयाने दिव्यांगांसाठी २,५०० झाली. अर्ज तहसील कार्यालयात.

अडतं ते उत्पन्नापाशी. बाबा पेन्शनर असतील, दादा कंपनीत असेल आणि एकत्र राहत असाल, तर ५० हजारांत बसणं अशक्यच. कोणीतरी एजंट ‘कमी उत्पन्नाचा दाखला काढून देतो’ म्हणेल. त्याच्या नादी लागू नका. तोच दाखला पुढे शिष्यवृत्तीला जोडला जातो, आणि एक खोटा निघाला की सगळं परत करायची वेळ येते.

महापालिकेकडून काही मिळतं का?

स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा, असा राज्यात नियम आहे. हद्दीत राहत असाल तर शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात समाजकल्याण विभागाकडे चालू वर्षाच्या योजनांची यादी आणि अर्जाची मुदत विचारा. गावात राहत असाल तर ग्रामपंचायतीलाही हाच नियम लागू आहे. तिथे तोंडी विचारू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारलं की ‘निधी संपला’ हे एकच उत्तर मिळतं.

वय ३४ आहे. कोण प्रवेश देणार?

मुक्त विद्यापीठ देईल, आयटीआय देईल, बरीचशी कॉलेजंही देतील. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के आणि त्यावरच्या दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव असतात आणि कमाल वयात ५ वर्षांची सूट असते. अधिनियमाचं कलम ३२, प्रवेश खिडकीवर आकडा तोंडपाठ असलेला बरा.

वय खरं आडवं येतं ते निर्वाह भत्त्याच्या योजनांत. स्वाधार, स्वयं, आधार अशा योजनांची सूचना उघडली की आधी वयाची अट वाचा, बाकीचं नंतर.

या स्वाधार वगैरे योजना काय आहेत?

सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्यांना राहण्या-जेवण्याचे पैसे. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी स्वाधार, आदिवासींसाठी स्वयं, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, आणि खुल्या व मराठा समाजातल्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. स्वाधारमध्ये मुंबई-पुण्याला वर्षाला ६० हजार, नाशिकसारख्या विभागीय शहराला ५१ हजार. दिव्यांगांना गुणांची अटही सैल आहे, ५० ऐवजी ४० टक्के.

५१ हजार म्हणजे महिना सव्वाचार हजार, एका खोलीचं भाडं जवळजवळ सुटतं. शिष्यवृत्तीपेक्षा मला या योजना जास्त कामाच्या वाटतात. मात्र स्वतःचं घर त्याच शहरात असलेल्याला आणि मुक्त पद्धतीने शिकणाऱ्याला त्या सहसा लागू होत नाहीत.

मुलींना फी नाही म्हणे?

२०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी सरकार भरतं. प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. राहण्या-खाण्याला त्यातून काही मिळत नाही.

दहावी/बारावीच राहिलीय. तिथून सुरू करायचं तर?

खर्चाच्या दृष्टीने ही सगळ्यात स्वस्त पायरी आहे. १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बोर्डाला बसता येतं, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून एकेक विषय सोडवत जाता येतं. वर्गात बसायचं नाही, त्यामुळे नोकरी सोडायची गरज नाही.

मुक्त विद्यापीठ घेऊ की रेग्युलर कॉलेज?

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं मुख्यालयच आपल्याकडे, गंगापूर धरणाजवळ. १९८९ पासून ‘ज्ञानगंगा घरोघरी’ म्हणत आलंय. फी कमी, हजेरी जवळपास नाही, अभ्यासकेंद्र गावाजवळ. ज्याला दिवसा कमवायचंय आणि वर्गातला गोंगाट सोसवत नाही, त्याला यासारखं दुसरं नाही.

पण वेळापत्रक कोणी लावून देत नाही. पुस्तकांचा गठ्ठा येतो आणि परीक्षेपर्यंत तसाच राहतो. ज्याला बाहेरून आखून दिलेला दिवस लागतो त्याने याचा विचार करावा. मधला मार्ग म्हणजे अभ्यासिका. नाशकात गल्लोगल्ली स्पर्धा परीक्षावाल्यांच्या अभ्यासिका आहेत. महिन्याची फी भरून एक ठरलेली खुर्ची मिळते, कोणी बोलत नाही, आणि रोज एकाच जागी बसता येतं. आपल्यासाठीच काढल्यासारख्या! संदर्भ पुस्तकं विकत घेण्याआधी सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी भरा. १८४० पासूनचं वाचनालय आहे, साठा दांडगा.

एक अट मात्र नीट वाचा. आधी पदवी झाली असेल आणि आता दुसऱ्या विषयात पुन्हा पदवीच करत असाल, तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही. एक पायरी वर जावं लागतं. बीकॉम झालेल्याने परत बीए करण्यापेक्षा थेट एमएला प्रवेश मिळतो का ते पाहावं.

शिकताना नोकरी करावी का?

करावी, पण तासांवर मर्यादा घालून. आठवड्याला किती तास काम केल्यावर घरी येऊन निदान वाचता येतं, तो आकडा पगाराआधी ठरवा. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतली फिरती शिफ्ट टाळा. पैसे बरे असतात, पण दर आठवड्याला झोप उलटीपालटी झाली की अभ्यास पहिला जातो.

मला जमलेलं आणि ओळखीत जमताना पाहिलेलं काम असं: सीएच्या ऑफिसात एंट्री मारणं, औषधांच्या होलसेलरकडे स्टॉक जुळवणं, टायपिंग, घरून भाषांतर, द्राक्ष हंगामात निर्यातदाराकडे पॅकहाऊसच्या नोंदी. समोर माणूस कमी, नियम ठरलेले, चूक सापडवण्याचं समाधान. सीएच्या ऑफिसात मात्र जुलै आणि सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे रिटर्नची लगीनघाई असते. रुजू होतानाच तुमच्या परीक्षेच्या तारखा लिहून द्या.

रेग्युलर कॉलेजात असाल तर पुणे विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना जिल्ह्यातल्या संलग्न कॉलेजांत चालते. तासाप्रमाणे मानधन मिळतं, रक्कम लहान असते. ग्रंथालयातलं काम मागा. पुस्तकं लावायला ठेवलेला ऑटिस्टिक माणूस तक्रार करताना मी अजून पाहिला नाही.

शैक्षणिक कर्ज काढू का?

राहण्या-जेवण्यासाठी काढायचं असेल तर शेवटचा उपाय म्हणून. बँका वसतिगृह, मेस आणि लॅपटॉपचा खर्च कर्जात धरतात. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि सरकारच्या हमी योजनेतून साडेसात लाखांपर्यंतही तारणाशिवाय होतं. हप्ता अभ्यासक्रम संपून वर्षभराने सुरू होतो, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. दिव्यांगांसाठी राज्याचं वित्त व विकास महामंडळ आहे, तिथे व्याज सवलतीचं असतं. बँकेआधी तिथे चौकशी करा.

कोर्सनंतर नक्की कुठलं काम मिळणार आणि ते काम तुम्हाला आठ तास सोसवणार का, याचं उत्तर नसेल तर कर्ज काढू नका. पदवी मिळते, पण मुलाखतीत अडकून पुढे वर्ष-दोन वर्षं जातात, हे आपल्यात नवीन नाही.

बँक म्हणते, पालकत्वाचे कागद आणा.

कायद्याने गरज नाही. तुम्ही १८ वर्षांच्या पुढचे असाल तर स्वतःचे पैसे सांभाळण्याचा आणि कर्ज मागण्याचा हक्क इतरांसारखाच आहे, अधिनियमाचं कलम १३. प्रमाणपत्रावर ‘ऑटिझम’ दिसलं की काही शाखांत कर्मचारी घाबरतात. ओळखीतल्या एकाला शिष्यवृत्तीचं खातं उघडायला ‘आईला घेऊन या’ म्हणून तीनदा परत पाठवलं होतं. शेवटी त्याने नकार लेखी मागितला. नकार कोणी लिहून दिला नाही, खातं मात्र उघडलं.

बाबांना माझ्यामुळे करात सूट मिळते, हे खरं का?

खरं आहे, आणि फार थोड्यांना माहीत आहे. ८०-डीडी म्हणून ओळखली जाणारी वजावट. आई, वडील, भाऊ, बहीण, नवरा-बायको, ज्याच्यावर तुम्ही अवलंबून आहात त्याला ७५ हजारांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची वजावट. खर्चाच्या पावत्या लागत नाहीत. ऑटिझमसाठी ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, नमुना १०-आयए. वजावट फक्त जुन्या करपद्धतीत चालते, त्यामुळे नव्या पद्धतीत एकूण कर कमी बसतोय का, ते सीएकडून तपासून घ्या.

बाबा २० टक्क्यांच्या टप्प्यात असतील तर वर्षाला सेससकट १५,६०० वाचतात. महिन्याला १,३००. मी तर म्हणतो, ही रक्कम सरळ मागून घ्या. ती तुमच्या नावावरच सुटलेली आहे.

घरचे म्हणतात, ‘या वयात शिकून काय करणार, कमव आता.’ पैसे मागायचे कसे?

अधूनमधून मागू नका. दर वेळी मागितलं की दर वेळी चर्चा होते, आणि चर्चेत आपण हरतो. कागदावर वर्षाचा हिशेब मांडा: इतके मी कमावणार, इतके साठवलेत, इतके कमी पडतात, इतकी वर्षं. तो कागद जेवताना नको, रविवारी सकाळी द्या. बोलणं सुचत नसेल तर लिहूनच द्या. आईला आधी सांगा, ती बाबांशी तिच्या पद्धतीने बोलेल. घरात राहून पैशांऐवजी काम वाटून घेता आलं तर तेही मोजा. वहिनीच्या मुलांचा अभ्यास, बिलं भरणं, दळण, बँकेची कामं. घरखर्चातला तो तुमचा वाटा आहे आणि तसा तो बोलून दाखवायला हरकत नाही.

प्रवास, आजारपण, परीक्षा, यांत काही वाचतं का?

एसटीत ४० टक्के आणि त्यावरच्या दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत. ६५ टक्क्यांच्या वर असाल तर सोबत्यालाही ५० टक्के. सिटीलिंकच्या, म्हणजे शहर बसच्या, पासाची चौकशी त्यांच्या पास केंद्रावर कार्ड दाखवून करा.

राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेचा ‘निरामय’ आरोग्य विमा ऑटिझमला लागू आहे. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, त्यात बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीचाही भाग. नोंदणी ५०० रुपये, दारिद्र्यरेषेखाली २५०. आरोग्य तपासणी लागत नाही, वयाचं बंधन नाही. वरच्या हिशेबातले औषध-समुपदेशनाचे दीड हजार यातून काही प्रमाणात परत येऊ शकतात. बिलं मूळ प्रतीत जपा.

परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ आणि गरज असेल तर लेखनिक मिळतो. पैशांच्या प्रश्नात हे कशाला? कारण नापास झालात तर पुन्हा परीक्षा फी, पुन्हा सहा महिन्यांचं भाडं, आणि शिष्यवृत्तीही थांबते. अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच द्या, हॉल तिकिटाच्या वेळी नको. स्वतंत्र खोली किंवा कोपऱ्यातली, पंख्यापासून लांबची जागाही लेखी मागता येते.

अर्ज केला, पण पैसे आलेच नाहीत.

तीनच ठिकाणी अडकतो: कॉलेजच्या लॉगिनला, जिल्हा कार्यालयाला, किंवा तुमच्या खात्याला आधार जोडलेला नसल्याने. पोर्टलवर स्थिती दिसते. कॉलेजला अडकला असेल तर शिष्यवृत्ती विभागातल्या बाबूंकडे स्वतः जा. तोंडी बोलणं जमत नसेल तर अर्जाचा क्रमांक, तारीख आणि ‘आपल्या स्तरावर प्रलंबित’ एवढ्या तीन ओळी कागदावर लिहून खिडकीत सरकवा. बोलावं लागत नाही आणि काम होतं. आधार एकाच वेळी अनेक खात्यांना लिंक असू शकतो, पण पैसे सगळ्यात शेवटी मॅप केलेल्या खात्यात पडतात. जुनं, विसरलेलं पगाराचं खातं आधी बघा.

मध्येच झेपेनासं झालं तर? केलेला खर्च वाया?

सत्राच्या मध्यावर नका सोडू, सत्र संपवून थांबा. पूर्ण झालेल्या सत्राचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या ऑनलाइन खात्यात जमा राहतात, आणि नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. मुक्त विद्यापीठात नोंदणीची मुदत मूळ कालावधीपेक्षा बरीच लांब असते, तेवढ्यात परत येता येतं. थांबायचं ठरलं की त्याच आठवड्यात घरमालकाला एका महिन्याची लेखी सूचना द्या. अनामत अडकते ती बहुधा याच एका कागदावाचून.